सातशे अश्वशक्ती आणि एक वळण

२०१५ च्या मॉडेल वर्षासाठी डॉजने चॅलेंजर हेलकॅट बाजारात आणली तेव्हा गाडीसोबत दोन रंगांच्या किल्ल्या मिळत. काळी किल्ली वापरली की इंजिन ५०० अश्वशक्तीपर्यंतच जायचे, लाल वापरली की सगळी ७०७ अश्वशक्ती मोकळी. शौकिनांच्या गप्पांत मान मिळाला तो लाल किल्लीला, आणि ते साहजिकच होते. मला मात्र त्या गाडीबद्दल सर्वांत जास्त सांगते ती काळी किल्ली. ज्यांनी हे इंजिन बांधले, त्यांनाच वाटले की रोजच्या वापरासाठी किंवा दुसऱ्याच्या हाती गाडी देताना दोनशे अश्वशक्ती कुलपात ठेवायची सोय हवी. मग उरलेल्या पाचशेपैकी तरी रस्त्यावर कामाला किती येतात? आधुनिक स्पोर्ट्स कार घ्यावी की पुन्हा जन्माला आलेली अमेरिकन मसल कार, या वादाचा निकाल माझ्या मते याच प्रश्नावर लागतो.

हा वाद डेट्रॉइटच्या उपनगरांतल्या मराठी घरांतही चालतो. पुण्या-नाशिकहून इंजिनिअर म्हणून आलेली माणसे पहिली काही वर्षे कॅमरी नाहीतर अकॉर्ड चालवतात, मग मुलांसाठी मोठी एसयूव्ही येते. मुले कॉलेजला गेली, गॅरेजमधली एक जागा रिकामी झाली, की इतकी वर्षे मनात धरून ठेवलेली गाडी वर येते. मी सस्पेन्शनचे काम करते, म्हणून फोन माझ्याकडे येतो: "ताई, मस्टँग घेऊ का मियाटा?" विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर हवे असते आणि मला ते देता येत नाही. मस्टँग मसल कारच्या बाजूची, माझ्दाची मियाटा स्पोर्ट्स कारच्या; या दोन गाड्या दोन निराळ्या रस्त्यांनी घडवल्या आहेत. ते रस्ते लक्षात घेतले नाहीत तर बोलणे रंग, आवाज आणि हप्ता यांच्यापुढे जात नाही.

मसल कारचा रस्ता सरळ आहे. १७८५ च्या जमीन-कायद्याने अमेरिकेच्या नव्या मुलखाची मोजणी सहा-सहा मैलांच्या चौकोनांत सुरू झाली. प्रत्येक चौकोनाचे एक-एक चौरस मैलाचे ३६ तुकडे. मिशिगनमध्ये पुढे रस्ते या तुकड्यांच्या कडेकडेने गेले. म्हणून डेट्रॉइटच्या उत्तरेकडे जाताना एट माइल, नाइन माइल, टेन माइल असे आडवे रस्ते ठरावीक अंतराने ओलांडावे लागतात. या जाळ्याला तिरका छेद देत वुडवर्ड ॲव्हेन्यू शहरातून पाँटियाक गावापर्यंत जातो. रुंद, सपाट, आणि थोड्या थोड्या अंतरावर सिग्नल. १९६० च्या दशकात तरुण पोरे रात्री याच सिग्नलांवर शर्यती लावत. दिवा हिरवा झाला की पुढच्या दिव्यापर्यंत कोण आधी पोहोचतो, एवढाच खेळ. मोटार कंपन्यांत काम करणारे लोकही आपल्या गाड्या इथे आणून अजमावत.

त्या खेळाला लागणारी गाडी जनरल मोटर्सच्या पाँटियाक या ब्रँडने १९६४ च्या मॉडेल वर्षात दिली. जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट-लेमान्समध्ये मोठ्या गाडीचे ३८९ घन इंची, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवले. मध्यम गाड्यांत एवढे मोठे इंजिन घालायचे नाही असा जनरल मोटर्सचा नियम होता. जीटीओ नावाची ही गाडी वेगळे मॉडेल नसून लेमान्सवर मिळणारे जादा पॅकेज आहे, असे दाखवून तो नियम टाळला गेला. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने मस्टँग लोकांसमोर ठेवली. साध्या फाल्कनच्या सांगाड्यावर लांब बॉनेट आणि आखूड मागची बाजू, किंमत २,३६८ डॉलरपासून. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत दहा लाख गाड्या झाल्या. जाणकार मस्टँगला पोनी कार म्हणून वेगळ्या खणात ठेवतात. पुढच्या काळात दोन्ही खण एकमेकांत मिसळून गेल्यामुळे मी तो भेद इथे ताणत नाही. मुद्दा असा की या गाड्या श्रीमंतांसाठी नव्हत्या. कारखान्यात पाळी करणारा विशीतला मुलगा हप्त्यावर ती घेऊ शकत होता आणि वुडवर्डवर तिच्यापेक्षा कितीतरी महाग गाडीला मागे टाकू शकत होता. मसल कारच्या बाजूने बोलताना मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

स्पोर्ट्स कार अमेरिकेत बाहेरून आली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी तिथल्या अरुंद, झाडीतून वळत जाणाऱ्या रस्त्यांवर छोट्या उघड्या गाड्या पाहिल्या, आणि युद्धानंतर एमजी टीसी अमेरिकेत येऊ लागली. इंजिन सव्वा लिटरचे, ५४ अश्वशक्ती, स्टिअरिंग उजवीकडेच. सरळ रस्त्यावर कुठलीही अमेरिकन सेडान तिला सहज मागे टाकी. तरीही माणसे तिच्या प्रेमात पडली, कारण वळणावर ती चालवणाऱ्याशी बोलत होती. २ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावाच्या साध्या रस्त्यांवर शर्यत झाली आणि अमेरिकेत या छंदाला घर मिळाले.

पुढे ब्रिटिश गाड्या मागे पडल्या. बिघाड फार, वायरिंग भरवशाचे नाही, आणि प्रदूषणाचे नवे नियम पेलण्याइतका पैसा कंपन्यांकडे नाही. ती रिकामी जागा भरली जपानने. बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझ्दाच्या केनिची यामामोटोंपुढे हलक्या, स्वस्त, उघड्या दोन-आसनी गाडीची कल्पना मांडली होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात तिची एमएक्स-५ मियाटा झालेली लोकांनी पाहिली. इंजिन १.६ लिटरचे, वजन हजार किलोंच्या आसपास. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. आजची एमएक्स-५ सगळी सुरक्षा-उपकरणे अंगावर घेऊनही साधारण १,०६० किलोंची आहे आणि तिची अश्वशक्ती १८१. हेलकॅटचे वजन दोन हजार किलोंच्या वर जाते. या दोन आकड्यांतच पुढच्या वादाचे निम्मे उत्तर आहे.

१९७० च्या दशकात मसल कार का संपली, याची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अर्धीच खरी आहे. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला, विमा कंपन्यांनी तरुण गिऱ्हाइकांचे हप्ते भरमसाट वाढवले, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली. हे सगळे झाले. पण नाकेबंदीच्या आधीच, सप्टेंबर १९७३ मध्ये फोर्डने छोटी मस्टँग टू आणली होती. पहिल्या वर्षी तिच्यात व्ही-८ इंजिन मिळतच नव्हते, तरी साडेतीन लाखांहून जास्त गाड्या खपल्या. म्हणजे सरकारने आणि शेखांनी लोकांच्या हातून मसल कार हिसकावून घेतली असे नाही. बऱ्याच लोकांनी ती आपण होऊन सोडली. नंतर ज्यांच्या मनात तिची आठवण राहिली त्यांनी हा भाग गाळला. पुनर्जन्माच्या वेळी कंपन्यांनीही तो गाळलेलाच ठेवला.

पुनर्जन्माची सुरुवात चुकीच्या पावलाने झाली. २००४ मध्ये जनरल मोटर्सने जीटीओ परत आणली. ती मुळात ऑस्ट्रेलियाची होल्डन मोनारो होती. ३५० आणि नंतर ४०० अश्वशक्तीचे व्ही-८, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, नीट बसवलेला आतला भाग. गाडी म्हणून तिच्यात खोट काढायला जागा थोडी होती. पण तिचा चेहरा कोणाला काही आठवून देत नव्हता. ती खपली नाही आणि तीन वर्षांत बंद झाली. २००५ ची मस्टँग नेमकी उलट होती. तिच्यावर १९६० च्या दशकाची प्रत्येक रेघ होती आणि सर्वसाधारण मॉडेलच्या खाली तोच जुना अखंड मागचा एक्सल होता. बैलगाडीच्या आखाप्रमाणे दोन्ही चाके एकाच दांड्याला जोडलेली, म्हणून एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही हिसका. असा एक्सल स्वस्त असतो, मजबूत असतो आणि सिग्नलवरून सुसाट निघताना चांगली पकड देतो. खडबडीत वळणावर मात्र मागची बाजू उडी मारून बाजूला सरकते. तरी लोकांनी ती मस्टँग डोक्यावर घेतली.

२०१० च्या मॉडेलची कॅमारो, २००८ ची चॅलेंजर याच वाटेने आल्या. मग २०१६ च्या मॉडेलमध्ये शेवरोलेने खरोखर चांगली गाडी केली: सहाव्या पिढीची कॅमारो, कॅडिलॅकबरोबर वाटून घेतलेल्या हलक्या सांगाड्यावरची, वळणावर युरोपीय गाड्यांच्या तोंडाला फेस आणणारी. आमच्या व्यवसायात तिच्या चेसिसचे कौतुक न करणारा माणूस मला भेटलेला नाही. तिचा खप घटत गेला. या तिघींत सर्वांत जुन्या सांगाड्याची आणि सर्वांत जड चॅलेंजर तिच्या पुढे गेली, आणि २०२१ मध्ये तर अमेरिकेतल्या विक्रीत मस्टँगच्याही पुढे. चॅलेंजरला उंच माणूस मागे बसू शकेल अशी सीट होती, मोठी डिकी होती, हे खरे. कॅमारोच्या खिडक्या फटींएवढ्या होत्या, हेही खरे. पण मुख्य कारण असे की चॅलेंजर बघताक्षणी १९७० ची दिसत होती. जीटीओच्या अपयशापासून चॅलेंजरच्या यशापर्यंतचा हिशेब एकच सांगतो: पुन्हा जन्मलेली मसल कार विकत घेणारा आधी चेहरा घेतो, गाडी नंतर.

यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि मी त्यांच्यात नाही. २००५ च्या मस्टँगचे मुख्य अभियंता हाउ थाय-टँग यांचा जन्म सायगॉनचा. अमेरिकन सैनिकांच्या करमणुकीसाठी तिकडे नेलेली मस्टँग त्यांनी युद्धाच्या काळात लहानपणी पाहिली. १९७५ मध्ये कुटुंब अमेरिकेला आले, आणि तीस वर्षांनी तीच गाडी नव्याने घडवण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या मुलाला वुडवर्ड माहीत नव्हता, सिग्नलवरच्या शर्यती माहीत नव्हत्या. तरी त्या गाडीत त्याला काहीतरी मोकळे दिसले. कोथरूडच्या खोलीत पोस्टर लावून झोपलेल्या मुलाला तेच दिसले असेल, तर त्याची ओढ उसनी कशी म्हणायची? ज्या काळात आपण नव्हतो त्या काळावर प्रेम करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माझी तक्रार त्या प्रेमाच्या नावाखाली काय विकले गेले याबद्दल आहे.

हेलकॅटमध्ये बसून पाहा. दार लांब आणि जड, दोन गाड्यांमधल्या जागेत ते पुरते उघडत नाही. सीट मऊ आणि ऐसपैस. समोर बॉनेट इतके पसरलेले की ते कुठे संपते याचा अंदाजच करावा लागतो. बटण दाबले की आधी स्टार्टरची कुरकुर, मग सगळ्या सांगाड्यातून येणारा खोल, अडखळता गुरगुराट. या आवाजाचे कारण क्रँकशाफ्टमध्ये आहे. अमेरिकन व्ही-८ मध्ये क्रँकचे हात एकमेकांशी ९० अंशांत असतात. त्यामुळे आठ सिलिंडर मिळून स्फोट समान अंतराने होत असले तरी एकाच बाजूच्या चार सिलिंडरांचे धक्के कमीजास्त अंतराने एक्झॉस्टमध्ये पडतात. फेरारीच्या व्ही-८ मध्ये हात १८० अंशांत, धक्के आलटून पालटून एकेका बाजूला, म्हणून तो आवाज वर चढत जाणारा आणि एकसुरी. अमेरिकन इंजिनाची ही असमान लय कानाला जिवंत वाटते, आणि खरे सांगायचे तर मियाटाच्या चार सिलिंडरांत तसे काहीच नाही. पॉर्शने २०१६ मध्ये ७१८ केमनमधले सहा सिलिंडर काढून टर्बो लावलेले चार दिले, तेव्हा आवाजाबद्दल एवढी ओरड झाली की चार वर्षांत चार लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन परत आणावे लागले. आवाज ही वरवरची गोष्ट आहे असे म्हणणाऱ्याने बहुधा गाडीवर कधी प्रेम केलेले नसते.

मग दिवा हिरवा होतो. अर्ध्यापेक्षा कमी ॲक्सिलरेटर दाबला तरी नाक वर येते, मागची बाजू बसते, पाठ सीटमध्ये रुतते. तीन-चार सेकंद हा आनंद पूर्ण असतो. नंतर पाय उचलावा लागतो, कारण वेगमर्यादा ओलांडलेली असते आणि पुढे लाल दिव्यापाशी कोणाची तरी एसयूव्ही उभी असते. व्ही-८ च्या मोठ्या गाड्यांत दुसऱ्या गिअरमध्येच महामार्गाची मर्यादा गाठून होते. उरलेल्या गिअरांचे, उरलेल्या सगळ्या ताकदीचे, करायचे काय?

एमएक्स-५ मध्ये बसणे म्हणजे खाली उतरणे. कंबर जमिनीपासून वीतभर वर, कोपर दारावर, आणि उजवा हात सहज सोडला की गिअरच्या दांड्यावर पडतो. दांडा बोटभर हलतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन सात हजार फेऱ्यांच्या वर नेले तरी गाडी साध्या राज्यरस्त्याच्या मर्यादेच्या आसपासच असते. वळणात शिरताना ती झुकते, बरीच झुकते, मऊ स्प्रिंगमुळे. ट्रॅकवर वेळ मोजणाऱ्यांना ते आवडत नाही. पण त्या झुकण्यातूनच कळते की भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या टायरवर किती गेला, अजून किती जाईल, कुठे थांबायला हवे. स्टिअरिंग विजेवर चालणारे असल्याने जुन्या मियाटाएवढे बोलके राहिलेले नाही, तरी ताशी साठ-सत्तर किलोमीटरला चालवणाऱ्याच्या हाताला, पायाला आणि नजरेला पुरेसे काम मिळते. गिअर उतरवताना ॲक्सिलरेटरला ठोसा देण्याचे जुने कसब इथे कामाला येते. चूक झाली तर ती लहान वेगात होते आणि लहानच राहते.

वजनाचा हिशेब इथे टाळता येत नाही. समान वेगाला दोन टनांच्या गाडीत साठलेली ऊर्जा एक टनाच्या गाडीच्या दुप्पट असते. मोठे टायर, मोठे ब्रेक लावून थांबण्याचे अंतर जवळपास आणता येते, पण ती दुप्पट ऊर्जा उष्णता होऊन त्याच डिस्कमधून बाहेर पडायची असते. डोंगरी उताराच्या पाचव्या-सहाव्या वळणावर पॅडचा वास येऊ लागतो तो यामुळे. शिवाय हेलकॅटचे निम्म्याहून बरेच जास्त वजन पुढच्या चाकांवर आहे. वळणात जरा जास्त वेगाने शिरलात की नाक सरळच जाऊ पाहते; ते सावरायला ॲक्सिलरेटर दाबला तर मागचे टायर सुटतात. या दोन टोकांमधली पट्टी अरुंद आहे. सराव असलेल्या चालकाला तिच्यात मजा येते. सराव नसलेल्याला ती आहे हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि उशीर झाल्याची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये २०२० च्या मॉडेलांतल्या चालकांचे मृत्युदर प्रसिद्ध केले. सर्वांत वाईट २१ गाड्यांत सहा जागा कॅमारो, चॅलेंजर आणि डॉजचीच चार्जर यांच्या निरनिराळ्या रूपांनी घेतल्या होत्या. त्या यादीत मित्सुबिशी मिराजसारख्या चिमुकल्या गाड्याही होत्या, आणि त्यांचे कारण उघड आहे: हलकी गाडी जड गाडीपुढे चेंगरते. मियाटा घेणाऱ्यानेही हे ध्यानात धरावे. पण मसल कार तर जड आहेत, त्यांनी आपल्या चालकाचे रक्षण करायला हवे. तरी त्या यादीत वर आहेत, म्हणजे पदार्थविज्ञानाने दिलेला सारा फायदा चालवण्याच्या पद्धतीने खाऊन टाकला आहे. जी गाडी कंपनी सिग्नलवरच्या स्फोटासाठी विकते, ती तशीच चालवली जाते. रात्री चौक अडवून गोल गोल टायर जाळणाऱ्यांच्या घोळक्यात याच गाड्या जास्त दिसतात. कडेच्या फुटपाथवर उभी असलेली माणसे त्या मजेची भागीदार नसतात.

डॉजने पुढे तर मर्यादाच सोडली. २०१८ ची डीमन ८४० अश्वशक्तीपर्यंत जायची. वजन वाचवायला तिच्यात चालकाशेजारची सीटच नव्हती, एक डॉलर देऊन ती परत घ्यावी लागे. पाव मैल ९.६५ सेकंदांत कापणाऱ्या या गाडीला, तिच्यात संरक्षक पिंजरा नाही म्हणून, ड्रॅग शर्यतींच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या धावपट्टीवर मनाई केली. धावपट्टीवर जे धोक्याचे ठरले ते शाळेच्या रस्त्यावर नंबरप्लेट लावून फिरायला मोकळे होते. २०२३ च्या डीमन १७० मध्ये हा आकडा १,०२५ झाला.

मात्र या आरोपातून स्पोर्ट्स कार सुटत नाही. आजची पॉर्श ९११ टर्बो एस सहाशेच्या वर अश्वशक्ती घेऊन फिरते. तिच्या टायरची पकड आणि संगणकाची मदत एवढी आहे की सार्वजनिक रस्त्यावर ती कधी घाबरवत नाही. आणि जी गाडी धोक्याचा इशारा देण्यापूर्वीच तुरुंगाच्या वेगाला पोहोचते, तिचे कौतुक मला करवत नाही. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला दिसलेली पहिली ९११ १३० अश्वशक्तीची होती आणि ती चालवायला माणूस लागत असे. उलट बाजूने मसल कारही स्पोर्ट्स कारच्या अंगणात आली आहे. २०१७ मध्ये कॅमारो झेडएल-१ च्या १एलई रूपाने जर्मनीच्या नुरबुर्गरिंगवर सात मिनिटे सोळा सेकंदांची फेरी केली. २०२४ मध्ये मस्टँग जीटीडीने सात मिनिटांची रेषाही मोडली. २०१५ च्या मस्टँगमध्ये मागचे स्वतंत्र सस्पेन्शन आले, पहिल्यांदाच कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची गाडी निघाली आणि २०१६ मध्ये ती मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरही अधिकृतपणे उतरली. जगभरच्या वळणांवर विकायची गाडी एकाच आखाच्या भरवशावर ठेवता येत नाही, हे फोर्डला कळले होते.

म्हणून अमेरिकन विरुद्ध परदेशी, आठ सिलिंडर विरुद्ध चार, जुना चेहरा विरुद्ध नवा, या रेषा मला आता उपयोगाच्या वाटत नाहीत. एका बाजूला अशा गाड्या आहेत ज्यांच्यातले बहुतेक सारे तुम्ही दर आठवड्याला, परवाना न गमावता, शेजाऱ्याला धोका न देता वापरू शकता: मियाटा, टोयोटा जीआर-८६, साधी मस्टँग, सहाव्या पिढीची साधी कॅमारो. दुसऱ्या बाजूला अशा आहेत ज्यांच्यातले बहुतेक सारे फक्त मालकीचे राहते: हेलकॅट, डीमन, ९११ टर्बो एस, मस्टँग जीटीडी. पहिल्या रांगेतल्या कुठल्याही गाडीच्या बाजूने मी भांडेन. दुसऱ्या रांगेत पैसे घालणाऱ्याला मी अडवू शकत नाही, पण माझा सल्ला विचारला तर तो नाही असाच आहे, मग बिल्ला कुठल्याही देशाचा असो.

पहिल्या रांगेतही निवड करावी लागतेच, आणि तिथे मसल कारची बाजू दुबळी नाही. मस्टँगच्या मागच्या सीटवर दोन मुले बसतात, मियाटात बसत नाहीत. मिशिगनच्या फ्लॅट रॉक गावात ती बनते, आणि या राज्यात राहणाऱ्याला ती गोष्ट लहान वाटत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांचे पगार त्याच धंद्यातून आले आहेत. व्ही-८ चे सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, गॅरेजमध्ये शनिवारी दुपारी स्वतः काम करता येते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, १९९५ पासून. तिथे कोणी शर्यत लावत नाही. ताशी पंधरा मैलांनी, कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या हजारो लोकांसमोरून, आजोबा आणि नातू एकाच गाडीतून जातात. मसल कारने दिलेले सर्वांत चांगले ते हेच आहे, आणि त्याला सातशे अश्वशक्ती लागत नाहीत. १९६० च्या दशकातल्या त्या गाड्यांपैकी कुणाकडेही एवढ्या नव्हत्या.

स्पोर्ट्स कारची बाजू पाहायची तर उत्तरेला जावे लागते. हार्बर स्प्रिंग्जपासून क्रॉस व्हिलेजपर्यंत एम-११९ हा राज्यरस्ता मिशिगन सरोवराच्या कडेने सुमारे वीस मैल झाडांच्या कमानीखालून जातो. मधली पट्टीही आखलेली नाही इतका अरुंद, वळणामागून वळण. तिथे चॅलेंजर स्वतःच्याच रुंदीत अडकते. समोरून कोणी आले की श्वास रोखावा लागतो. छोटी गाडी आपल्या बाजूला राहूनही वळणाची आतली आणि बाहेरची कड निवडू शकते. ताशी चाळीस मैल ओलांडायची वेळच येत नाही आणि वीस मैलांत मन एकदाही दुसरीकडे जात नाही.

आता नव्या मसल कारपैकी उरली कोण, हेही पाहावे. कॅमारो आणि चॅलेंजर दोन्ही २०२३ च्या शेवटाला बंद झाल्या. डॉजने विजेवरची चार्जर डेटोना आणली, वजन २,६०० किलोंच्या वर, आणि बाहेर लावलेल्या ध्वनियंत्रणेतून इंजिनासारखा आवाज. ज्या गाडीत क्रँकशाफ्टच नाही तिच्यात ती लय नकलेने आणायची, हे मला पटत नाही. विजेच्या मोटारीला स्वतःचा आनंद आहे, तो तिला शोधू द्यायला हवा होता. मागोमाग सहा सिलिंडरी पेट्रोलची चार्जर आली. व्ही-८ आणि मॅन्युअल गिअर एकत्र हवे असलेल्याला सामान्य माणसाच्या किमतीत नवी गाडी म्हणजे आज मस्टँगच.

तेव्हा फोन करणाऱ्यांना मी असे सांगते. मुले अजून घरात आहेत, गाडी एकच मौजेची घ्यायची आहे, आणि कानाला व्ही-८ हवेच असेल, तर २०१५ नंतरची मस्टँग जीटी घ्या, मॅन्युअल, सुपरचार्जर न लावलेली. पहिला खर्च चांगल्या टायरवर आणि ब्रेक पॅडवर करा, एक्झॉस्टवर नंतर. एकवीस वर्षांच्या मुलाच्या नावावर ती करणार असाल तर करू नका. त्याला जीआर-८६ द्या, तो गाडी चालवायला शिकेल. मुले बाहेर पडली असतील आणि घरात दुसरी मोठी गाडी असेल, तर एमएक्स-५. मी माझ्यासाठी तीच निवडली आहे आणि पुन्हा निवडेन. थंडीत मीठ टाकलेल्या रस्त्यांवर दोन्ही बाहेर काढायच्या नसतात, म्हणून गॅरेजची जागा आधी मोजून घ्या. आणि टेस्ट ड्राइव्हला सेल्समन महामार्गाकडे घेऊन जाऊ लागला तर त्याला नको म्हणा. शोरूमच्या मागच्या वस्तीतल्या, पंचवीस मैलांची पाटी लावलेल्या रस्त्यावर अर्धा तास चालवा, कारण पुढची दहा वर्षे गाडी बहुतेक वेळ तिथेच असणार आहे.